रिफायनरी बंद, कोटा चालू : नायजेरियाच्या तेलाचे प्रकरण

1956 मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, ओलोइबिरी गावाजवळ, शेल-बीपी कंपनीला तेल लागले. दोन वर्षांनी निर्यात सुरू झाली आणि 1971 मध्ये नायजेरिया ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचा सदस्य झाला. आज देशात सरकारी मालकीच्या चार रिफायनऱ्या आहेत. त्यांची कागदावरची एकत्रित क्षमता दिवसाला 4 लाख 45 हजार पिंपे. तरीही 2020 पासून 2024 च्या सप्टेंबरपर्यंत, वीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात मोटारींत, मोटारसायकलींत आणि घरोघरच्या जनरेटरमध्ये जळणारे पेट्रोल जवळजवळ सगळेच जहाजाने बाहेरून येत होते. कच्चे तेल बॉनीच्या टर्मिनलवरून युरोपला आणि भारताला जायचे, आणि युरोपातल्या रिफायनऱ्यांनी बनवलेले पेट्रोल लागोसच्या बंदरात उतरायचे.

याची दोन कारणे सगळीकडे सांगितली जातात, भ्रष्टाचार आणि तेलचोरी. दोन्ही खरी आहेत. पण भ्रष्टाचार इतर तेलसंपन्न देशांतही आहे आणि त्यातल्या बऱ्याच देशांत रिफायनऱ्या चालतात. मग नायजेरियातल्या चारही का थांबल्या? मला याचे उत्तर यंत्रांपेक्षा हिशेबाच्या वह्यांत जास्त दिसते. चालू रिफायनरीपेक्षा बंद रिफायनरी अधिक लोकांना फायद्याची ठरेल, अशी पैशाची मांडणी तिथल्या सरकारांनी वर्षानुवर्षे टिकवली. हे प्रकरण त्या मांडणीचे आहे.

चार कारखाने

पहिली रिफायनरी 1965 मध्ये पोर्ट हारकोर्टजवळ एलेमे भागात सुरू झाली. तेलाची आवक वाढली तशी 1978 मध्ये वारी, 1980 मध्ये काडुना आणि 1989 मध्ये पुन्हा पोर्ट हारकोर्टला दुसरी, दीड लाख पिंपांची. 1977 मध्ये स्थापन झालेल्या एनएनपीसी या राष्ट्रीय तेल महामंडळाकडे या सगळ्यांचा कारभार होता.

यातली काडुनाची जागा मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तेल दक्षिणेला समुद्रकाठी, आणि कारखाना उत्तरेला, सुमारे सहाशे किलोमीटर आत. उत्तरेलाही मोठा उद्योग मिळावा हा राजकीय विचार त्यामागे होता आणि तो अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही, कारण उत्तरेत इंधन पोचवायचे होतेच. पण त्यामुळे कारखान्याचा जीव एका लांबलचक पाइपलाइनवर टांगला गेला. शिवाय काडुनाचा एक भाग वंगणतेल आणि डांबर बनवण्यासाठी बांधला होता. त्याला जड कच्चे तेल लागते, तर नायजेरियाचे बॉनी लाइट हलके, गंधकाचे प्रमाण अगदी कमी असलेले. म्हणजे तेलाने भरलेल्या देशातल्या या कारखान्यासाठी व्हेनेझुएलासारख्या देशांतून कच्चे तेल आणायचे, ते समुद्रकाठी उतरवायचे आणि सहाशे किलोमीटर आत ढकलायचे. आखणीच्या वेळी तेलाचे भाव चढे होते, त्यामुळे हे सगळे परवडेल असे वाटले असावे.

रिफायनरी एका रात्रीत बंद पडत नाही. ज्यांनी माहुल-ट्रॉम्बेच्या बाजूला काम केले आहे त्यांना शटडाउन म्हणजे काय ते सांगायला नको. चार-पाच वर्षांनी एकदा अख्खे युनिट थांबवायचे, भट्टीच्या नळ्यांत साचलेला कोक, म्हणजे कार्बनचा कठीण थर, काढायचा, हीट एक्स्चेंजरचे बंडल बाहेर ओढून धुवायचे, नळ्यांची जाडी मोजायची, गंजलेल्या बदलायच्या, व्हॉल्व्ह आणि उपकरणे तपासायची. हजारो माणसे काही आठवडे दिवसरात्र हेच करतात. पोर्ट हारकोर्टला असा पूर्ण स्वरूपाचा शटडाउन 2000 नंतर झालाच नाही. मधल्या काळात कच्च्या तेलाची पाइपलाइन फोडली गेली की कारखाना थांबायचा, जोडली की पुन्हा पेटायचा. भट्टी सारखी तापवणे आणि थंड करणे हे तिच्यासाठी सलग चालण्यापेक्षा वाईट. धातू प्रसरण-आकुंचनाने थकतो, थांबलेल्या नळ्यांत पाणी राहते आणि आतून गंज धरतो. क्षमतेच्या पंधरा-वीस टक्क्यांवर चालवलेल्या कारखान्यात वीज, वाफ, पगार हे खर्च तसेच राहतात आणि माल मात्र थोडा निघतो. म्हणून तोटा होतो, म्हणून दुरुस्तीला पैसे नाहीत, म्हणून आणखी तोटा.

एनएनपीसीने 2020 मध्ये पहिल्यांदा आपले लेखापरीक्षित हिशेब लोकांसमोर ठेवले. त्यात काडुना रिफायनरीचे 2018 चे उत्पन्न शून्य होते आणि तोटा 64 अब्ज नायरांहून (नायरा हे नायजेरियाचे चलन) अधिक. कामगार होते, पगार होते, सुरक्षा होती, तेल नव्हते.

4 लाख 45 हजार पिंपांचा कोटा

आता या प्रकरणाच्या मुळाशी येऊ. देशांतर्गत वापरासाठी म्हणून सरकारने एनएनपीसीला रोज 4 लाख 45 हजार पिंपे कच्चे तेल द्यायचे ठरवले होते. आकडा कुठून आला ते उघड आहे, चारही रिफायनऱ्यांच्या क्षमतेची ती बेरीज. पण रिफायनऱ्या पूर्ण क्षमतेने चालत नव्हत्या, आणि पुढे तर चालतच नव्हत्या, तेव्हाही कोटा तोच राहिला. दुकान बंद, पण दुकानाच्या नावावरचे रेशन दर महिन्याला गोदामातून उचलले जात आहे, अशी ही स्थिती.

उचललेले तेल जायचे कुठे? काही थेट निर्यात व्हायचे. काही अदलाबदलीत जायचे : व्यापारी कंपनीला कच्चे तेल द्यायचे आणि त्या बदल्यात तिने पेट्रोल आणून द्यायचे. 2010 नंतर हे करार वेगवेगळ्या नावांनी झाले आणि 2016 पासून थेट विक्री, थेट खरेदी या नव्या रचनेत चालू राहिले. अमुक दर्जाचे इतके कच्चे तेल म्हणजे इतके पेट्रोल, हे प्रमाण ठरवण्यात, वाहतुकीचा खर्च धरण्यात, जहाज थांबल्याचा आकार लावण्यात प्रत्येक ठिकाणी पैसा मुरायला जागा होती. शिवाय एनएनपीसी या तेलाच्या किमतीतून पेट्रोलवरचे अनुदान, पाइपलाइनची दुरुस्ती, चोरीचे नुकसान असे आपले खर्च आधी कापून घ्यायची आणि उरलेले सरकारी तिजोरीत भरायची. संसदेने मंजूर केलेल्या अर्थसंकल्पाच्या बाहेर, तिजोरीत पैसा पोचण्याच्या आधीच खर्च.

यावर सर्वांत मोठा आवाज उठवला तो मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर लामिडो सानुसी यांनी. 2013 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी अध्यक्ष गुडलक जोनाथन यांना पत्र लिहिले, आणि पुढे संसदीय समितीसमोर सांगितले की सुमारे 20 अब्ज डॉलरचा हिशेब लागत नाही. 2014 च्या फेब्रुवारीत त्यांना निलंबित केले गेले. नंतर सरकारने पीडब्ल्यूसी या लेखापरीक्षण कंपनीकडून तपासणी करून घेतली. 2015 मध्ये बाहेर आलेल्या त्या अहवालाने एनएनपीसीने सरकारला किमान 1.48 अब्ज डॉलर परत करावेत असे म्हटले. दोन आकड्यांत फार अंतर आहे आणि त्यावरून वाद झाला. माझ्या मते आकड्याच्या वादात मूळ प्रश्न झाकला गेला. बंद रिफायनरीच्या नावावर तेल देणे थांबवा, जितके गाळाल तितकेच उचला, हा साधा नियम सानुसी प्रकरणानंतरही लागू झाला नाही. तो लागू झाला असता तर रिफायनरी चालू ठेवण्यात महामंडळाचा स्वतःचा स्वार्थ निर्माण झाला असता.

पंपावरचा भाव

पेट्रोलचा भाव सरकार ठरवायचे आणि तो खऱ्या खर्चाच्या खाली असायचा. मधला फरक आयातदारांना अनुदान म्हणून मिळायचा. सत्तरच्या दशकात सुरू झालेली ही सवलत सामान्य नायजेरियन माणसाला तेलसंपत्तीतून दिसणारा बहुधा एकमेव हिस्सा होता. वीज बेभरवशाची, दवाखाना दूर, रस्ते खराब, पण पेट्रोल स्वस्त. म्हणून त्याला हात लावणाऱ्या सरकारवर लोक चिडले, आणि त्यांचे चिडणे समजण्यासारखे आहे.

1 जानेवारी 2012 ला जोनाथन सरकारने अनुदान एकाएकी काढले. 65 नायरांचे पेट्रोल रातोरात 141 नायरांच्या घरात गेले. देशभर संप झाला, लागोसमध्ये रस्त्यावर लष्कर आले, आणि दोन आठवड्यांत भाव 97 नायरांवर आणावा लागला. पण या आंदोलनातून एक मोलाची गोष्ट निघाली. लोकप्रतिनिधी सभागृहाने अनुदानाच्या पैशाची चौकशी केली. त्या समितीने 2009 ते 2011 या काळात सुमारे 6.8 अब्ज डॉलर बुडाल्याचा निष्कर्ष काढला. 2006 मध्ये आयातदार मोजके होते, 2011 पर्यंत त्यांची संख्या 140 वर गेली होती. अनुदान दिले गेले दिवसाला 5 कोटी 90 लाख लिटरवर, आणि समितीच्या हिशेबाने देशाचा खरा वापर होता साडेतीन कोटी लिटरच्या आसपास.

त्या अहवालातली एक नोंद मला विसरता येत नाही. जानेवारी 2009 मध्ये चोवीस तासांच्या आत 99 कोटी 90 लाख नायरांची रक्कम 128 वेळा दिली गेली. रक्कम प्रत्येक वेळी तीच, एक अब्जाला दहा लाख कमी. बेरीज होते जवळजवळ 128 अब्ज नायरा. कुठल्याही तालुक्याच्या कोषागारातल्या कारकुनाला ही यादी दाखवली तरी तो तिसऱ्या ओळीला थांबेल.

स्वस्त पेट्रोलचा दुसरा मार्ग सीमेपलीकडे जात होता. शेजारच्या बेनिनमध्ये रस्त्याकडेला काचेच्या बाटल्यांत आणि मोठ्या बरण्यांत नायजेरियाचे पेट्रोल उघड विकले जायचे. हजारो कुटुंबांचा तो रोजगार होता. मे 2023 मध्ये अनुदान गेल्यावर नायजेरियाचा पेट्रोलचा अधिकृत 'वापर' महिनाभरात एक चतुर्थांशाहून अधिक घटला. काही लोकांनी गाडी चालवणे कमी केले हे खरे, पण इतक्या झपाट्याने फक्त कागदावरचा आणि सीमेपारचा वापरच कमी होऊ शकतो.

रिफायनरीच्या बाजूने पाहिले तर हा ठरवून दिलेला भाव विषासारखा होता. 2002 मध्ये सरकारने अठरा खासगी रिफायनऱ्यांना परवाने दिले. त्यातली एकही उभी राहिली नाही. पेट्रोल खर्चाच्या खाली विकायचे आणि फरकासाठी सरकारच्या दारात उभे राहायचे, यावर कोणती बँक कर्ज देणार? आयातदाराला मात्र फरक लगेच मिळत होता, आणि त्याला कारखाना बांधायचा नव्हता.

इथे आपल्याकडची आठवण ठेवायला हवी. माहुलला 1954-55 मध्ये स्टॅनव्हॅक आणि बर्मा-शेल यांच्या रिफायनऱ्या सुरू झाल्या तेव्हा मुंबई हाय सापडायला वीस वर्षे होती. पुढे भारतानेही पेट्रोल-डिझेलचे भाव कित्येक वर्षे सरकारी मुठीत ठेवले. पण सत्तरच्या दशकापासून लागू झालेल्या नियंत्रित भावपद्धतीत रिफायनरीला तिचा खर्च आणि भांडवलावर करोत्तर बारा टक्के परतावा धरून दर मिळायचा, आणि तो ठरावीक प्रमाणात तेल गाळले जाईल असे गृहीत धरून. भाव बांधलेला, तरी रिफायनरी चालवणाऱ्याचे नुकसान होत नव्हते, बंद ठेवणाऱ्याचे होत होते. त्या पद्धतीत दोष भरपूर होते, शेवटी ती मोडीतही काढावी लागली, पण तिने कारखाने जिवंत ठेवले. नायजेरियात सवलतीचा पैसा कारखान्याला न मिळता आयातीच्या बिलाला मिळाला. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे.

विकता विकता राहिलेले

2007 च्या मे महिन्यात, कार्यकाळ संपायला काही दिवस उरले असताना, अध्यक्ष ओबासांजो यांनी पोर्ट हारकोर्ट आणि काडुनाच्या रिफायनऱ्यांतला 51 टक्के हिस्सा ब्लूस्टार या समूहाला विकला. त्यात सिमेंट उद्योगपती अलिको डांगोटे होते. तेल कामगारांच्या संघटना संपावर गेल्या, निरोपाच्या आठवड्यात आपल्या जवळच्यांना दिलेली ही भेट आहे असा आरोप झाला. नवे अध्यक्ष यार'अदुआ यांच्या काळात व्यवहार रद्द होऊन पैसे परत गेले. महामंडळाचे म्हणणे होते की कारखाने आम्हीच दुरुस्त करू.

विक्रीच्या पद्धतीवरचा आक्षेप रास्त होता. राष्ट्रीय मालमत्ता अशी घाईने विकू नये. पण विक्री थांबवणाऱ्यांपैकी कोणावरही पुढे 'दुरुस्त करू' या शब्दाचा हिशेब देण्याची वेळ आली नाही.

डेल्टात

तेलाच्या या अर्थकारणाचा भार सर्वांत जास्त ज्यांनी उचलला ते लोक तेलाच्या अगदी वर राहतात. पोर्ट हारकोर्टची रिफायनरी ज्या एलेमे भागात आहे, तिथेच ओगाले नावाची वस्ती आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्रिभुज प्रदेशातल्या ओगोनी लोकांच्या मुलखाची तपासणी करून 2011 मध्ये अहवाल दिला. ओगालेजवळ एनएनपीसीच्या तयार इंधनाच्या पाइपलाइनलगत भूजलावर आठ सेंटीमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगताना सापडला. तिथल्या एका ठिकाणच्या विहिरींच्या पाण्यात बेंझिन या विषारी रसायनाचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या नऊशे पटींहून अधिक होते. लोक ते पाणी पीत होते. रंग, वास कळत होता, पण दुसरे पाणी नव्हते. संपूर्ण प्रदेश साफ व्हायला पंचवीस ते तीस वर्षे लागतील असे अहवालाने म्हटले. सफाईचे काम औपचारिकपणे सुरू व्हायला 2016 उजाडले.

या प्रदूषणाविरुद्धचा ओगोनींचा लढा त्याहून जुना. लेखक केन सारो-विवा यांनी तो जगासमोर नेला, आणि 10 नोव्हेंबर 1995 ला लष्करी राजवटीने त्यांना आणि त्यांच्या आठ साथीदारांना फाशी दिली. बोडो गावाच्या खाडीत 2008 मध्ये शेलच्या पाइपलाइनमधून दोनदा मोठी गळती झाली, मासेमारी संपली. 2015 मध्ये लंडनमध्ये दाव्याच्या तडजोडीत साडेपाच कोटी पौंड द्यायचे ठरले.

ज्या खाडीत मासे उरले नाहीत तिथल्या तरुणाने काय करावे? पाइपलाइनला भोक पाडून तेल काढायचे, होडीतून आड जागी न्यायचे, लोखंडी टाकीखाली जाळ पेटवून ते उकळायचे, वाफ नळीतून थंड करून डिझेल आणि रॉकेल वेगळे काढायचे. स्थानिक लोक याला 'क्पो-फायर' म्हणतात. तापमानावर ताबा नाही, अर्ध्याहून अधिक माल वाया जातो, तो खाडीत किंवा जमिनीत ओततात. धुराने पोर्ट हारकोर्ट शहरावर काजळी बसते, वाळत घातलेल्या कपड्यांवर, खिडक्यांवर, मुलांच्या नाकात. 22 एप्रिल 2022 च्या रात्री इमो राज्यातल्या अबाएझी जंगलात अशा एका भट्टीवर स्फोट झाला आणि शंभरहून अधिक माणसे जळून मेली. सरकारी रिफायनरी चालू असती, डिझेल परवडणारे असते आणि खाडीत मासे असते, तर त्या जंगलात त्या रात्री इतकी माणसे नसती. हे मी ठामपणे लिहितो.

पण गावातल्या भट्टीवाल्यांना मुख्य चोर ठरवणे अन्याय होईल. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये एनएनपीसीने जाहीर केले की फोर्काडोस निर्यात टर्मिनलच्या लाइनपासून समुद्रात चार किलोमीटर लांबीची बेकायदा जोडणी सापडली आहे आणि ती नऊ वर्षे वापरात होती. समुद्रात चार किलोमीटर लोखंडी नळ टाकायला बार्ज लागते, वेल्डर लागतात, पाणबुडे लागतात, आणि तेल भरायला आलेले जहाज कुणालाच दिसू नये अशी व्यवस्था लागते. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये देशाचे उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या खाली घसरले, तेव्हा ओपेकने ठरवून दिलेली उत्पादनाची मर्यादा अठरा लाखांची होती. युक्रेन युद्धामुळे तेलाला शंभर डॉलर भाव असताना नायजेरियाकडे विकायला तेल नव्हते. उलट आयात पेट्रोल महागल्याने त्या वर्षी अनुदानाचा खर्च 4 लाख कोटी नायरांच्या पुढे गेला आणि महामंडळाकडून सरकारी तिजोरीत जवळजवळ काहीच आले नाही.

जमिनीवरच्या आणि उथळ समुद्रातल्या या भागातून परदेशी कंपन्या हळूहळू बाहेर पडल्या. एनीचा हिस्सा ओआंडोने, एक्सॉनमोबिलचा सेप्लाटने 2024 मध्ये घेतला, आणि 2025 च्या मार्चमध्ये शेलचा जमिनीवरचा व्यवसाय रेनेसान्स या समूहाकडे गेला. परदेशी कंपन्या आता खोल समुद्रात काम करतात. जुन्या विहिरी, गंजलेल्या लाइन आणि न झालेली सफाई स्थानिक कंपन्यांच्या वाट्याला आली आहे. नव्या मालकांना तेल काढण्याची घाई असणार, सफाईची किती असेल ते सरकार किती नेटाने मागे लागते यावर आहे. पहारा कडक झाल्यावर आणि विहिरी पुन्हा सुरू झाल्यावर 2025 पर्यंत उत्पादन पंधरा लाख पिंपांच्या आसपास आले.

डांगोटेंची रिफायनरी

2007 मध्ये पैसे परत मिळालेल्या डांगोटेंनी 2013 मध्ये स्वतःची रिफायनरी जाहीर केली. लागोसच्या पूर्वेला लेक्की भागातली जागा दलदलीची, म्हणून आधी समुद्रातून वाळू उपसून भराव घालावा लागला. खर्च जाहीर केला होता सुमारे 9 अब्ज डॉलर, झाला 19-20 अब्ज. क्षमता दिवसाला साडेसहा लाख पिंपे, म्हणजे चारही सरकारी कारखान्यांच्या बेरजेपेक्षा जास्त, आणि तीही कच्च्या तेलाचे घटक वेगळे करणाऱ्या एकाच स्तंभातून. जगात एका ओळीतली इतकी मोठी रिफायनरी दुसरी नाही. अभियांत्रिकी सल्ला आणि बांधकामाची देखरेख इंजिनियर्स इंडिया लिमिटेड या भारत सरकारच्या कंपनीने केली, आणि बांधकामावर हजारो भारतीय कारागीर आणि अभियंते होते. आयात कच्च्या तेलावर निर्यातक्षम रिफायनरी चालवण्याचे जामनगरचे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर होतेच.

22 मे 2023 ला उद्घाटन झाले. डिझेल आणि विमानाचे इंधन 2024 च्या जानेवारीत निघाले, पेट्रोल सप्टेंबरात. आणि मग या प्रकरणाची सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आली : नायजेरियातल्या रिफायनरीला नायजेरियाचे तेल पुरेसे मिळेना. डांगोटेंनी अमेरिकेतून टेक्सासकडचे तेल जहाजे भरभरून आणले. एनएनपीसीचे बरेच तेल आधीच घेतलेल्या कर्जांपोटी गहाण होते. 2023 मध्येच महामंडळाने आफ्रिकन निर्यात-आयात बँकेमार्फत भविष्यातल्या तेलाच्या बदल्यात 3.3 अब्ज डॉलरची व्यवस्था केली होती. ज्या महामंडळाने रिफायनरीत 20 टक्के हिस्सा घ्यायचे ठरवले होते त्याने पैसे भरले फक्त 7.2 टक्क्यांचे.

जुलै 2024 मध्ये नियामक संस्थेच्या प्रमुखांनी डांगोटेंच्या डिझेलमध्ये आयात मालापेक्षा गंधक जास्त असल्याचे जाहीरपणे सांगितले. डांगोटेंनी खासदारांना बोलावून त्यांच्यासमोर नमुने तपासून घेतले, त्यात गंधक दर दहा लाख भागांत 87 भाग निघाले आणि आणलेल्या आयात मालात कितीतरी पट जास्त. कारखानदाराच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतली चाचणी म्हणून तिच्यावर आक्षेप घेता येतो. पण नायजेरियाच्या पंपांवर वर्षानुवर्षे युरोपातून गंधकयुक्त इंधन येत होते आणि 2022 च्या सुरुवातीला मिथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊन गाड्या बंद पडल्या होत्या, तेव्हा नियामकाचा आवाज इतका चढला नव्हता.

1 ऑक्टोबर 2024 पासून डांगोटेंना कच्चे तेल डॉलरऐवजी नायरांत विकायचा निर्णय झाला. तो 2025 च्या मार्चमध्ये थांबला, एप्रिलमध्ये पुन्हा सुरू झाला. 2025 च्या सप्टेंबरमध्ये डांगोटेंनी आपल्याच सीएनजी ट्रकमधून थेट पंपांवर माल पोचवायचे ठरवले तेव्हा टँकरचालकांची संघटना आणि डेपोमालक उभे ठाकले, आणि महिन्याच्या शेवटी आठशेच्या वर कर्मचाऱ्यांना काढल्यावरून वरिष्ठ तेल कर्मचाऱ्यांच्या संघटनेने रिफायनरीचा गॅस आणि तेल तोडण्याचा आदेश दिला. या वादात मी कुणा एकाच्या बाजूला नाही. संघटना करण्याचा हक्क कामगाराला हवा. आणि ज्या देशाने आयातदारांची मक्तेदारी वर्षानुवर्षे भोगली त्याने आता एका उद्योगपतीच्या मक्तेदारीला निमूट मान देऊ नये. पण माल देशात तयार होतो आहे, विमानाचे इंधन निर्यात होते आहे, आणि डांगोटेंनी भाव उतरवला की आयातदारांनाही उतरवावा लागतो, हे लोकांच्या अनुभवाला आलेले आहे.

दीड अब्ज डॉलरची दुरुस्ती

29 मे 2023 ला शपथविधीच्या भाषणातच अध्यक्ष बोला टिनुबू यांनी अनुदान संपल्याचे सांगितले. दोनशेच्या आत असलेले पेट्रोल काही दिवसांत पाचशेवर आणि जुलैत 617 नायरांवर गेले. जूनमध्ये नायरा बाजारावर सोडला, तो कोसळला, आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये लिटरला हजार नायरा मोजावे लागले. देशाचे किमान वेतन त्याच वर्षी महिन्याला 70 हजार नायरा केले होते. सत्तर लिटर पेट्रोल, महिन्याभराच्या कामाचे.

या पार्श्वभूमीवर सरकारी रिफायनऱ्या सुरू होण्याच्या बातमीची लोक किती आतुरतेने वाट पाहत होते ते लक्षात येईल. पोर्ट हारकोर्टच्या दुरुस्तीला 2021 च्या मार्चमध्ये दीड अब्ज डॉलर मंजूर झाले होते, काम इटलीच्या टेक्निमाँट कंपनीकडे होते. तारखा पुढे पुढे गेल्या. 26 नोव्हेंबर 2024 ला जुना, 60 हजार पिंपांचा भाग सुरू झाला आणि टँकर भरून बाहेर पडतानाची दृश्ये दाखवली गेली. काही दिवसांतच प्रश्न आले, आणि महामंडळाला मान्य करावे लागले की इथले नॅफ्था, म्हणजे पेट्रोलचा कच्चा, हलका घटक, 'क्रॅक सी5' नावाचा दुसरा घटक मिसळून पेट्रोल म्हणून विकले जाते आहे. मिश्रण हा गुन्हा नव्हे, रिफायनऱ्या ते करतात. पण नॅफ्थाचा ऑक्टेन, म्हणजे इंजिनात नीट जळण्याची प्रत, वाढवणारे स्वतःचे युनिट नीट चालत असेल तर बाहेरच्या घटकावर इतके विसंबावे लागत नाही. वारीचा कारखाना 30 डिसेंबरला सुरू झाला आणि महिनाभरात थांबला. पोर्ट हारकोर्ट 24 मे 2025 ला देखभालीसाठी बंद झाले.

एप्रिल 2025 मध्ये एनएनपीसीचे नेतृत्व बदलले. नवे प्रमुख बायो ओजुलारी जुलैत म्हणाले की विक्रीसह सगळे पर्याय खुले आहेत. महिना संपायच्या आत महामंडळाने पोर्ट हारकोर्ट विकणार नसल्याचे सांगितले.

यातून वाट कोणती? चारही कारखाने मूळ क्षमतेला परत आणण्याचा हट्ट सोडावा असे मला वाटते. काडुनाची जागा आणि रचना पाहता तिथे तयार इंधनाचा मोठा डेपो आणि जोडून लहान, तयार सुट्या भागांतून उभे करता येणारे मॉड्युलर युनिट अधिक शोभेल. पोर्ट हारकोर्टचा 1989 चा भाग, वेगळी जेट्टी आणि टाक्या यांना अजून किंमत आहे. तो उघड निविदेने, अनुभवी चालक कंपनीकडे बहुसंख्य हिस्सा देऊन चालवावा, आणि अट एवढीच असावी की डांगोटे समूह किंवा सध्याचे मोठे आयातदार त्या निविदेत नसतील, कारण लागोसच्या डांगोटे रिफायनरीला स्पर्धक हवा आहे. ज्यांना 2007 ची घाई आठवते त्यांना निविदेची प्रत्येक पायरी जाहीर करून दाखवणे अवघड नाही.

पण त्याआधी कोट्याचे काम करावे लागेल. 2021 च्या पेट्रोलियम उद्योग कायद्यात देशांतर्गत रिफायनऱ्यांना तेल देण्याचे बंधन आहे. ते पाळले जाते की नाही हे कळायला दर महिन्याला एक तक्ता पुरेसा आहे : कोणत्या रिफायनरीला किती पिंपे दिली, कोणत्या भावाने, किती नायरांत, किती डॉलरमध्ये, आणि गाळून किती पेट्रोल, किती डिझेल निघाले. कर्जांपोटी किती तेल कोणत्या सालापर्यंत गहाण आहे, हेही त्यातच हवे. 2012 च्या चौकशी समितीला ही माहिती मिळवायला संप, लष्कर आणि महिन्यांच्या साक्षी लागल्या होत्या. ओगालेच्या विहिरींच्या तपासणीचे आकडेही त्याच तक्त्याखाली, त्याच महिन्यात छापायला हरकत नाही.